राखाडी घराण्यातलं पिल्लू

जेवणाच्या टेबलावर त्या सकाळी दोन माणसांचे दात वाळत होते, आणि काकू चहाचे कप हातात धरून जागा शोधत उभी होती.

“अहो, हे कुणाचे आता?”

“वरचे एका बसड्रायव्हरचे. खालचे त्याच्या सासूबाईंचे. हलवू नकोस हं, सासूबाई अजून ओल्या आहेत.”

“मग जावईबापूंना जरा सरकायला सांगा.”

जावईबापू सरकले नाहीत. काकांनी फक्त मान वळवून पॅसेजच्या टोकाच्या बंद दाराकडे एक लांबलचक नजर टाकली. त्या नजरेचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता.

काका कवळ्या बनवायचे. जन्मभर त्यांनी एका मोठ्या लॅबमध्ये हेच काम केलं, आणि नोकरी संपल्यावर दोन-तीन डेंटिस्टांची कामं घरी घ्यायला सुरुवात केली. प्लास्टरचा भुगा, गुलाबी हिरड्यांचा उग्र वास, घासायच्या यंत्राची घरघर, सगळं जेवणाच्या टेबलावर. एकदा कोशिंबिरीत एक दाढ सापडली, तेव्हापासून काकू ताटात बोट फिरवल्याशिवाय घास घेत नसे. पॅसेजच्या टोकाची खोली मात्र या कामासाठीच बांधल्यासारखी होती. लहान, शांत, आणि थेट ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड देणारी मोठी खिडकी असलेली. पण त्या खोलीत पुतणी होती, आणि पुतणीबरोबर तिचे सरडे.

पुतणीला घरात चिमटा म्हणत. एक तर सरड्यांना खायला घालायचे रातकिडे पकडायचा लांब चिमटा कायम तिच्या हातात असे. दुसरं कारण तिच्याशी दोन वाक्यं बोललं की आपोआप कळे. ती शिकायला म्हणून काका-काकूंकडे आली, जीवशास्त्राची पदवी घेतली, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली आणि इथेच राहिली. अभ्यासासाठी दिलेल्या खोलीतून अभ्यास केव्हाच निघून गेला होता.

सरडे साधेसुधे नव्हते. दाढीवाले होते. हनुवटीखाली काट्यांची झालर, राग आला की ती फुगायची आणि काळीकुट्ट व्हायची. नराचं नाव हवालदार, कारण मादी दिसली रे दिसली की तो जोरजोरात मान हलवून वर्दी दिल्यासारखं करायचा. मादी होती बाईसाहेब. त्यावर ती एक हात सावकाश वर उचलून हवेत फिरवायची, जणू म्हणतेय, “बरं, बरं. कळलं.”

दोघंही रंगाने मातकट, अंगावर गडद पट्टे. पण चिमट्याने दोन वर्षं धडपड करून हीच जोडी का जमवली होती, ते तिने काकांना त्याच सकाळी, सासूबाईंच्या दातांपलीकडे उभं राहून सांगितलं.

“हवालदाराची आई पांढरी होती, बाईसाहेबांचीही. अगदी पांढरी, अंगावर एक रेघ नाही. म्हणजे दोघांकडे पांढरेपणाचा एकेक अर्धा भाग आहे. एकटा अर्धा दिसत नाही, लपून राहतो. पण दोघांचे दोन अर्धे एकाच अंड्यात आले, की पिल्लू पांढरं.”

“आणि हा योग कितीदा?”

“चारात एकदा.”

“म्हणजे चारात तीनदा नापास.” काकांनी ड्रायव्हरचा सुळा फुंकर मारून साफ केला. “आमच्या लॅबमध्ये असं काम केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.”

“पण अंडी एक नाही ना काका. नऊ-दहा पिल्लं झाली तर त्यातलं एखादं तरी पांढरं निघण्याची शक्यता शंभरात नव्वदच्या वर जाते.”

“आणि नाही निघालं तर?”

“निघेल.”

“पण नाही निघालं तर?”

थर्माकोलच्या खोक्यात बाईसाहेबांची अंडी ऊब घेत होती, आणि नव्वद हा आकडा आपल्या बाजूने असला की माणसाला उरलेले दहा दिसत नाहीत. “नाही निघालं तर खोली तुमची,” चिमटा म्हणाली. “हे सगळे एखाद्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात देऊन टाकीन. हॉलमधल्या वाऱ्यात ते जगणार नाहीत, आणि रातकिड्यांची किरकिर काकू हॉलमध्ये जगू देणार नाही.”

“दिला शब्द?”

“दिला.”

काकू कोर्टात टायपिस्ट होती. आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं टाइप करून तिला मोघम बोलण्याची चीड आली होती. तिने कप शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर टेकवले. “थांबा. पांढरं म्हणजे किती पांढरं? उद्या ही म्हणेल दूध आणि तुम्ही म्हणाल ताक. आधी ठरवा.”

काका उठले आणि कपाटातून आपली फणी घेऊन आले. लॅबमधली मंडळी तिला फणी म्हणत. खरं तर ती रंगाचे नमुने पाहायची पट्टी होती. धातूच्या दांडीला सोळा खोटे दात लटकत होते, प्रत्येक वेगळ्या छटेचा. “माणसाच्या दातांची चार घराणी,” काका म्हणाले. “तांबूस, पिवळसर, राखाडी, आणि राखाडीत तांबूस मिसळलेलं. शुभ्र दात कुणाचाच नसतो, ते फक्त जाहिरातीत. माझी अट सोपी. पिल्लं सहा आठवड्यांची झाली की बघायचं. अंगावर एकही पट्टा नको, आणि रंग या सोळांपैकी कुठल्याही एकाशी जुळायला हवा. कुठल्याही! बघ, केवढं मोठं मन आहे माझं. फक्त रंग बघायचा तो आमच्या धंद्याच्या रीतीने.”

“मान्य,” चिमटा म्हणाली.

प्रयोग सुरू करण्याआधी पद्धत विचारून घ्यायची, हे तिला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. त्या सकाळी तिने ते विचारलं नाही.

अंड्यांपैकी काही बुरशी लागून गेली. उरलेल्यांतून नऊ पिल्लं बाहेर आली, बोटाएवढी, आणि आल्या आल्या जगाशी भांडायच्या पवित्र्यात. चिमट्याने एकेकाला तळहातावर घेऊन पाहिलं. पट्टे. पट्टे. पुन्हा पट्टे. आठ पिल्लं आई-बापांवर गेलेली, मातकट आणि पट्टेदार. नववं सगळ्यांत बारकं होतं. त्याचा रंग धुरकट, कातडी निस्तेज, आणि भावंडं शेपटी चावतात म्हणून ते दिवसभर ओंडक्याखाली लपलेलं. चिमट्याने त्याला वेगळ्या डब्यात ठेवलं. तो डबा मोठ्या दिव्यापासून दूर, छोट्या बल्बखाली होता. थोडं गार असल्यामुळे राखाडी दिसतंय, तिने ठरवलं, आणि पांढऱ्या पिल्लाच्या शोधात पुन्हा त्या आठांकडे वळली. रोज रात्रीच्या जेवणाआधी ती धुरकट पिल्लाला चिमट्याने एकेक किडा भरवायची. त्याच्याकडे ती पेशंट म्हणूनच बघत होती.

आठवडे सरकायला लागले तशी ती दिवसातून तीन-तीनदा आठांना तळहातावर घेऊन पट्टे तपासायला लागली.

आठांमध्ये एक जरा उजळ होतं. गडी धडधाकट, खाण्यात पुढे, आणि दिव्याखाली मनसोक्त तापला की पट्टे इतके फिके पडायचे की लांबून क्रीम रंगाचाच वाटावा. या सरड्यांचं असंच असतं. गार असले की अंग गडद करतात, म्हणजे ऊब लवकर शोषली जाते. तापले की रंग उतरतो. चिमट्याने त्याचं नाव ठेवलं उमेदवार. मग एके दिवशी तिच्या लक्षात आलं की उमेदवाराची कातडी दुधाळ व्हायला लागली आहे. तो कात टाकायच्या बेतात होता. कात सुटण्याआधी दोन-तीन दिवस जुनी कातडी आतून सुटते आणि अंगावर पातळ पांढरा कागद चिकटवल्यासारखी दिसते. हिशेब केला तर रविवारी तो सगळ्यात पांढरा असणार होता.

ही फसवणूक नाही, असं तिने स्वतःला समजावलं. कात टाकण्याआधी बघू नये असं अटीत कुठे होतं? तिने स्वतःला इतक्या वेळा समजावलं की त्यावरूनच तिला शंका यायला हवी होती.

“काका, या रविवारीच उरकून टाकायचं का? सहा आठवडे होतातच.”

“उरकूया की,” काका घासायच्या यंत्रावरून मान वर न करता म्हणाले.

तिथे ती दचकायला हवी होती. जो माणूस चपलांचा जोड घेताना दुकानदाराशी तासभर हुज्जत घालतो, तो एका शब्दात हो म्हणाला. पण चिमटा उमेदवाराच्या दुधाळ पाठीवर खूश होती. आणि गेले काही दिवस काका रोज सकाळी, दिवे लागायच्या आधी, “खिडकी उघडतो हं, कोंदट वास येतोय” असं म्हणत तिच्या खोलीत का येत होते, हा प्रश्न तिला पडला नाही.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. एका हातात फणी, दुसऱ्या हातात निळ्या कागदाचा तुकडा, काखेत फवाऱ्याची बाटली. काकू स्टूल घेऊन दाराशी बसली, कारण निकाल ती देणार होती. चिमट्याने उमेदवाराला सकाळपासून दिव्याखाली बसवलं होतं. तो लोण्यासारखा दिसत होता.

“वा,” काका म्हणाले. “छान. आता दिवे बंद कर.”

“का?”

“आमच्या धंद्याची रीत. दिव्याखाली दाताचा रंग कधी बघत नाहीत. पिवळ्या दिव्यात रंग ठरवला की पेशंट रस्त्यावर जाऊन आरशात बघतो आणि ओरडत परत येतो. खिडकीपाशी ये. दिवसाचा उजेड.”

खिडकीपाशी आज चांगलीच गार हवा होती. ती उमेदवाराला तळहातावर घेऊन उभी राहिली. काकांनी फणी वर धरली, मग खाली घेतली. “यावरून आठवलं,” ते म्हणाले. “एक गायक यायचे आमच्याकडे...”

“काका, आधी बघा ना!”

“अगं, डोळा स्थिर व्हायला वेळ लागतो. तर हे गायक, यांना वरच्या पट्टीत गाताना कवळी सुटते अशी तक्रार. डॉक्टर म्हणाले खालच्या पट्टीत गा...”

गायक पहिल्या अंतऱ्यापर्यंत पोचायच्या आत उमेदवार गार पडायला लागला. पाठीवर आधी मळकट छाया आली, मग त्या छायेतून एकेक पट्टा असा वर आला, जसा फोटोच्या कागदावर चेहरा उमटावा. फक्त वरच्या दुधाळ कातडीमुळे ते अजून धूसर होते.

“जरा धूळ आहे अंगावर,” चिमटा क्षीण आवाजात म्हणाली.

“हो का? मग धुऊया.” काकांनी बाटली पुढे केली. “दातसुद्धा नेहमी ओला करूनच बघायचा. वाळलेला दात खोटा पांढरा दिसतो.”

“थांबा,” काकू म्हणाली. “ही बाटली सकाळी फ्रीजमध्ये कशाला होती?”

काका एकदम निळ्या कागदाकडे बघायला लागले.

“दुधीच्या शेजारी उभी होती. मला वाटलं, गुलाबपाणी असेल.”

“फ्रीजमध्ये?” चिमटा तडकली. “काका, एवढुशा पिल्लावर बर्फासारखं पाणी मारणार होतात? आजारी पडलं असतं ना!”

“दोन थेंबच मारणार होतो गं...”

काकूने बाटली हिसकावून घेतली, स्वयंपाकघरात जाऊन रिकामी केली आणि कोमट पाणी भरून आणली. “आता मारा. रीत आहे ना, मग रीतीने होऊ दे.”

कोमट पाण्याने काम तेच केलं. ओल्या झालेल्या तावदानातून पलीकडचं दिसावं तशी उमेदवाराची दुधाळ कातडी पारदर्शक झाली आणि खालचे पट्टे ठसठशीत बाहेर आले. उमेदवाराला हा अपमान सहन झाला नाही. त्याने दाढी फुगवून काळी केली आणि तोंड उघडून सगळ्यांना वाकुल्या दाखवल्या.

“दाढीसकट पट्टे,” काका म्हणाले. आनंद लपवण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला, पण दात दिसलेच. “यावर फणी लावायचीसुद्धा गरज नाही. कात टाकायच्या आधीच आणलंस होय त्याला?”

चिमट्याचं पितळ उघडं पडलं होतं. तिने उमेदवाराला डब्यात ठेवलं आणि खोलीकडे एकदा गोल नजर फिरवली. मान हलवणारा हवालदार, ओंडक्यावर पसरलेल्या बाईसाहेब, तिने स्वतः वायर जोडून बसवलेले दिवे. दुकानात गेले की ही जोडी कुणीतरी अलग करणार, आणि दोन अर्धे पुन्हा दोन दिशांना जाणार.

“बाकीची आण,” काकू म्हणाली.

“कशाला, काकू? मला माहीत आहेत ती.”

“मला नाही. अट सगळ्या पिल्लांची होती.”

बाकीची सात खिडकीपाशी आली, ओली झाली, आणि एकेक करून पट्टेदार ठरली. काकूने बोटांवर मोजलं. “आठ. जन्मली किती होती?”

“नऊ. पण ते नववं आजारी आहे. उगाच त्रास नको त्याला.”

“आजारी असलं तर तारीख पुढे जाते, साक्षीदार कमी होत नाही. घेऊन ये.”

चिमटा कोपऱ्यातल्या डब्यातून धुरकट पिल्लू घेऊन आली. त्याला गार व्हायला वेळ लागायचा प्रश्नच नव्हता, ते गारच असायचं. काकांनी, जरा हलक्या हाताने, कोमट पाण्याचा एक फवारा मारला. पिल्लाच्या पाठीवर कित्येक दिवसांपासून अडकलेल्या जुन्या कातीचा मळका पापुद्रा ओला होऊन सुटला. चिमट्याने तो ओल्या कापसाने अलगद पुसून काढला.

खाली मोत्यासारखी राखाडी पाठ होती. मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत एकच रंग. रेघ नाही, ठिपका नाही.

चिमटा बघतच राहिली. गार पडलं की पट्टे वर येतात, हे आत्ता आठ वेळा तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. मग जे पिल्लू सहा आठवडे सगळ्यांपेक्षा गार राहिलं, त्याच्या अंगावर सगळ्यांपेक्षा गडद पट्टे असायला हवे होते. ते का नाहीत, हे तिने एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. पांढरं शोधता शोधता तिने बिनपट्ट्याचं पिल्लू रोज आपल्या हाताने भरवलं होतं.

“काका,” ती म्हणाली, “फणी लावा.”

काकांनी पाच सेकंद पिल्लाकडे पाहिलं, मग नजर निवण्यासाठी निळ्या कागदाकडे, मग पुन्हा पिल्लाकडे. तांबूस घराणं सरकवलं. पिवळसर सरकवलं. राखाडी घराण्यातला पहिला दात पिल्लाच्या खांद्याशी नेला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

दारात बसलेल्या काकूला तिथून रंग दिसत नव्हता. चिमट्याला फणी वाचता येत नव्हती. काकांनी “नाही” म्हटलं असतं तर त्यांना खोडून काढणारं त्या घरात कुणी नव्हतं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, तिच्याखालच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं, जिथे त्यांचं टेबल अगदी फिट बसलं असतं. ओठ हलले. मग त्यांनी पुन्हा दाताकडे पाहिलं आणि एक मोठा सुस्कारा टाकला.

“जुळतो,” ते पुटपुटले.

“मोठ्याने,” काकू म्हणाली.

“जुळतो म्हणतोय ना! राखाडी घराणं, पहिला दात. डोळे मिटून जुळतो. हाच रंग मी एका पोस्टमास्तरांना बसवलाय, हवं तर जाऊन त्यांना हसवून बघा.” ते फणी खाली घेत चिडून म्हणाले, “चाळीस वर्षांत रंग खोटा सांगितला नाही, आता एका सरड्यापायी सांगू?”

“आणि फ्रीजमधलं पाणी?” चिमट्याने चिमटा काढला.

“ती लबाडी होती. रंग वेगळा.”

काकू उठली. “खोली हिची. आणि दोघांनीही ऐका. ही दुधाळ कातडी दाखवून तुम्हाला शेंडी लावणार होती, तुम्ही गारठवून हिला. तुम्ही गारठवलं नसतं तर हिला स्वतःचं पिल्लू आयुष्यात ओळखू आलं नसतं. शिकल्या-सवरलेल्या माणसांची ही तऱ्हा. मी चहा टाकते.”

चांगल्या दिव्याखाली दोन आठवडे काढल्यावर धुरकट पिल्लू खडूसारखं पांढरं झालं. चिमट्याने त्याचं नाव कवळी ठेवलं. काकांनी या नावावर आक्षेप घेतला नाही. उलट रोज सकाळी “खिडकी उघडतो हं” म्हणत आत यायचे आणि फणी काढून कवळीचा रंग बघायचे. “आज पिवळसर घराण्याकडे झुकलीये. रात्री काय खाल्लंय हिने?”

एके दिवशी त्यांनी खिशातून वेगळाच नमुना काढला. गुलाबी. हिरड्यांच्या रंगाचा.

“हा रंग काढता येईल का गं?”

चिमट्याने नमुना उजेडात धरला. गंमत म्हणून विचारलेला प्रश्न तिने गंभीरपणे घेतला, आणि तिथेच दोघंही फसले. “तांबड्या वाणाचा एखादा जोडीदार कवळीला बघावा लागेल. पहिल्या पिढीत नाही दिसणार. दुसरीत कदाचित. निदान तीन वर्षं.”

“म्हणजे रोज रंग बघायला लागणार.”

“रोज.”

“याच उजेडात.”

“याच.”

“उभं राहून माझे पाय दुखतात,” काका म्हणाले.

आधी स्टूल आत आलं. स्टुलावर बसून हात रिकामे राहतात म्हणून एक छोटं टेबल आलं, आणि टेबल रिकामं बरं दिसत नाही म्हणून त्यावर दात आले. घासायच्या यंत्राला मात्र चिमट्याने उंबरा ओलांडू दिला नाही. त्याचा भुगा सरड्यांच्या छातीत गेला असता. ते राहिलं जेवणाच्या टेबलावर.

पुढच्या रविवारी काकू चहाचे कप घेऊन बाहेरच्या टेबलापाशी थांबली. तिथे यंत्र होतं. ती खोलीत आली. टेबलावर कुणा नव्या माणसाचे वरचे-खालचे दात वाळत होते, वरच्यांवर कवळी आरामात पसरली होती, आणि काका नि चिमटा डोक्याला डोकं लावून गुलाबी रंगाच्या किती छटा असतात यावर भांडत होते.

“मला एक कळत नाही,” काकू दारातूनच म्हणाली. “खोली हिने जिंकली, आत तुम्ही बसलात. मग पैज हरलं कोण?”

हवालदार तिच्याकडे बघून जोरजोरात मान हलवायला लागला. ओंडक्यावरून बाईसाहेबांनी सावकाश एक हात वर केला.

“तू खाली घे गं हात,” काकू म्हणाली, “हरलेली तू नाहीस,” आणि कप टेकवायला जागा शोधत उभी राहिली.